नाव न घेतलेला ओलीस

"बाकीच्यांना काय वाटतं ते बघा," स्कोर्री म्हणाला आणि सुक्या माशावर लोणी थापू लागला.

समोर दोन मेंढपाळ एका मेंढीला धरून उभे होते. डोंगरावरून कळप उतरवताना तिचा कान फाटला होता. मालकाची खूण अर्धीच उरली होती आणि दोघेही मेंढी आपलीच म्हणत होते. असा निवाडा आधी मानाच्या जागेवर बसलेल्या पाहुण्याला विचारायचा, ही रीत. घराची मालकीण, विधवा हालबेरा हिने रीतीप्रमाणे विचारलं होतं. पाहुणा उंचापुरा, सोनेरी दाढीचा, नुसता बसला तरी घर भरून टाकणारा. आणि त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच. बोलण्याआधी त्याने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, तेही हालबेराच्या नजरेतून सुटलं नाही. ती जागा म्हाताऱ्या नार्फीची. नार्फी समुद्राकडे गेला होता.

दुपारी नार्फी परतला. स्कोर्री त्याच्या कानाशी लागला. थोड्या वेळाने स्कोर्री उठून मेंढपाळांना म्हणाला, "मेंढी मोकळी सोडा. ज्या कळपात जाईल त्याची." मेंढी क्षणभर घुटमळली आणि गेली. निवाडा चोख झाला.

हालबेराचा धाकटा भाऊ बेर्सी दारात उभा राहून हे पाहत होता. "ताई," तो म्हणाला, "आपण जिवंत पोरगा दिला आणि बदल्यात रंगवलेला खांब घेतला."

जिवंत पोरगा हालबेराचा होता.

वसंतात एक देवमासा किनाऱ्याला लागला होता, नेमका तिथे, जिथे हालबेराच्या ब्रेक्का वाडीची जमीन संपते आणि शेजारच्या होल्टची सुरू होते. हालबेराचा मुलगा वेर्मुंड माणसं घेऊन मांस कापायला गेला. तिकडून होल्टच्या उल्फारचा मेहुणा आला. मासा कुणाचा यावरून शब्दाला शब्द लागला, मांस कापायच्या सुऱ्या हातात होत्याच, आणि मेहुणा वाळूत पडला तो उठला नाही. उल्फार त्या भागाचा पुढारी. त्याला रक्ताच्या बदल्यात रक्त हवं होतं. शेजारी मधे पडले आणि पुढच्या वसंतातल्या सभेपर्यंत तह ठरला. तोवर वेर्मुंड होल्टला ओलीस राहील. उल्फारचा पुतण्या स्कोर्री ब्रेक्काला. एका बाजूच्या ओलिसाला काही झालं, तर दुसऱ्या बाजूच्याचा जीव गेलाच समजायचा. सभेत प्रश्न एकच: किनाऱ्याचा तो तुकडा कुणाचा? ब्रेक्काचा ठरला तर वेर्मुंडने आपल्या हक्काचं राखलं. होल्टचा ठरला तर तो चोर आणि खुनी दोन्ही. मग त्याला रानातल्या लांडग्यासारखं कुणीही, कुठेही मारावं.

स्कोर्रीबरोबर नार्फी आला तो सोबत म्हणून. उल्फारच्या बापापासून तो होल्टच्या चुलीशी बसत आलेला. कायदा, वंशावळी, जुने करार, सगळं त्याला तोंडपाठ. उल्फार सभेत बोलायचा तेव्हा मागे नार्फी उभा असायचा.

कत्तलीचे दिवस आले. अंगणात जाळ पेटला. स्वयंपाकीण आलोफ मेंढ्यांची डोकी काठीला खोचून केस भाजत होती. बेर्सी आतडी धूत होता आणि माणसं जमली की त्याची जीभ मोकळी सुटायची.

"मिमिरची गोष्ट आठवते का कुणाला?" त्याने विचारलं.

"आठवते," आलोफ म्हणाली. "तरी तू सांगणारच."

"आसिर आणि वानिर, देवांची दोन घराणी. लढून लढून दमली. तह झाला, ओलीस दिले-घेतले. वानिरांनी आपली चांगली माणसं दिली. आसिरांनी काय दिलं? होनिर. लांब पायांचा, देखणा. म्हणाले, हा जन्मजात पुढारी. आणि सोबतीला मिमिर, ज्याच्याएवढं शहाणं कुणी नव्हतं. वानिरांनी होनिरला लगेच पुढारी केला. मिमिर शेजारी असला की होनिरचा निवाडा सोन्यासारखा. मिमिर नसला की एकच वाक्य: बाकीच्यांनी ठरवावं." बेर्सीने घराकडे बोट केलं. "ऐकल्यासारखं वाटतं का?"

"मग त्यांनी मिमिरचं डोकं कापलं आणि परत पाठवलं," आलोफ म्हणाली. "मला हेच कधी कळलं नाही. कापायचंच होतं तर रिकामं कापायचं. भरलेलं कशाला वाया घालवलं?"

माणसं हसली. बेर्सी हसला नाही.

"रिकाम्याला नातेवाईक असतात," तो म्हणाला. "भरलेल्याला कोण आहे? आसिरांच्या राजाने, ओदिनने, ते डोकं औषधी पाल्यात मुरवून ठेवलं म्हणतात, आणि ते बोलत राहिलं. उल्फारला मुरवता येत असेल तर त्यानेही मुरवावं."

हालबेराने त्याला गोठ्यामागे नेलं. "हे काय चाललंय तुझं?"

"ताई, तू त्या दिवशी तिथे होतीस. उल्फारने हातावर हात मारला तेव्हा नाव कुणाचं घेतलं? स्कोर्रीचं. म्हाताऱ्याचं घेतलं नाही. तो ओलीस नाहीच. त्याला काही झालं तर तह मोडत नाही. आणि तो गेला की स्कोर्रीची किंमत काय, ते सगळ्या खोऱ्याला दिसेल. आपल्याला फसवलं हे सभेत उघड होईल."

"आणि वेर्मुंड?"

"म्हणून तर म्हणतो. फसवणूक त्यांनी केली. पोरगा सोडावा लागेल."

"तोवर हात आवर," हालबेरा म्हणाली. "मी सांगेपर्यंत कुणाच्या अंगाला बोट लागता कामा नये."

"आवरतो की," बेर्सी म्हणाला. पण म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

घरात जाऊन ती दुधाच्या पिंपापाशी बसली आणि चक्क्यावरची आंबट निवळ काढू लागली. नाव घेतलं नव्हतं, हे खरं होतं. ते तिलाही त्या दिवशी खटकलं होतं, पण पोरगा घोड्यावर बसत असताना आईचं लक्ष किती ठिकाणी राहणार? उल्फार शब्द मोजून टाकणारा माणूस. सभेत समोरच्याचा एक शब्द चुकला तरी खटला उलटवणारा. तो नाव घ्यायला विसरेल? दार उघडं राहिलं की कुणीतरी उघडं ठेवलेलं असतं. आणि मिमिरची गोष्ट उल्फारला ठाऊक नसेल असंही नाही. ती तर दूधपित्या पोरांनाही ठाऊक असते. बेर्सीच्या डोक्याचा पारा किती लवकर चढतो, हेही सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

इथे कुठेतरी पाणी मुरत होतं. नार्फीला मारलं तर उल्फार सभेत काय म्हणेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं: ज्याला आपल्या चुलीशी बसवलं त्यालाच यांनी कापलं, आता कसला तह? वेर्मुंड तिथेच संपेल. पण तेवढ्यासाठी उल्फार आपला इतका जुना माणूस घालवेल? म्हाताऱ्याच्या मरण्यात त्याचा आणखी काय फायदा होता?

"आलोफ," तिने विचारलं, "हा म्हातारा रोज समुद्रावर काय करतो?"

"दगडावर उभा राहतो. हात असा डोळ्यापुढे धरतो. मग टेकाडाकडे वळतो, पुन्हा हात धरतो. बेर्सीभाऊ म्हणतात, होड्यांना खुणा करतोय."

"होड्या दिसल्या का कधी?"

"मला तर बदकंच दिसली, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी हालबेरा किनाऱ्यावर गेली. नार्फी खरंच दगडावर उभा होता. समोर पाण्यात एक काळा खडक, मागे टेकाडावर दगडांचा जुना ढिगारा. त्याने तिला पाहिलं आणि सावकाश खाली उतरला.

"ये, पोरी. थंडी आहे. माझ्यावर पाळत ठेवायची तर जाड पांघरूण घालून ये."

"होड्यांना खुणा करता म्हणे तुम्ही, नार्फीबाबा."

"करीन की. कुणी होडी देत असेल तर." तो खाली बसला. "डोक्यात ठेवलेलं अधूनमधून बाहेर काढून ताडून पाहावं लागतं. नाहीतर कुजतं."

"काय ठेवलंय?"

तो नुसता हसला. हालबेराने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. "तहात उल्फारने तुमचं नाव का घेतलं नाही?"

"विसरला असेल."

"उल्फार विसरतो?"

"मी सोबत असताना त्याला विसरायची मुभा होती."

"आणि तुम्ही सोबत नसताना?"

यावर म्हाताऱ्याने डाव्या कानाची पाळी ओढली. ती उजव्यापेक्षा लांब होती. "तुझ्या सासऱ्याने आणि उल्फारच्या बापाने ही हद्द घातली तेव्हा आम्ही पोरं बरोबर होतो. प्रत्येक खुणेपाशी एकेकाचा कान असा पिळायचे, की ब्रह्मांड आठवावं. पोरगं मग जागा विसरत नाही. माझा कान कुठल्या खुणेला पिळला ते मला अजून दुखतं."

"बाकीची पोरं कुठे आहेत?"

"काही समुद्राने नेली. काही तापाने. एक तुझ्या सासऱ्याच्याच हातून गेलं. मी उरलो."

हालबेराने पाण्यातल्या खडकाकडे पाहिलं, मग टेकाडावरच्या ढिगाऱ्याकडे. किनाऱ्याचा तो तुकडा कुणाचा, हे जगात फक्त या एका डोक्यात होतं. आणि उल्फारने ते डोकं बेर्सीच्या कुऱ्हाडीखाली आणून ठेवलं होतं.

"म्हणजे जागा आमची आहे," ती म्हणाली.

"मी तसं म्हणालो नाही."

"मग तुम्हाला मारायचं त्याला कारण काय?"

"मारायचं आहे, असंही मी म्हणालो नाही." नार्फीचा आवाज बदलला नाही. "पोरी, मी आयुष्यभर होल्टचं अन्न खाल्लंय. मालकाविरुद्ध आपणहून तोंड उघडणार नाही. पण कुणी रीतसर साक्षीला बोलावलं, तर शपथेवर जे आहे ते सांगेन. रेघ कुणाच्या बाजूने जाते, ते आधी कळणार नाही. ना तुला, ना त्याला."

"त्याने कधी विचारलं नाही?"

"कधीच नाही. मला त्याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही."

ती परत निघाली तेव्हा संशयाला आणखी एक फांदी फुटली होती. उल्फारने म्हाताऱ्याला मरायला पाठवलं, हे एक. पण कदाचित नेमकं हेच आपल्याला वाटावं, आपण धावत जाऊन त्याला साक्षीला बोलवावं, आणि त्याने सभेत शांतपणे म्हणावं की जागा होल्टची, म्हणून तर पाठवला नसेल? ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा हा म्हातारा काहीतरी पाठीमागे धरून होता. त्यात वेर्मुंडचं जगणं होतं की मरणं, हे ते बाहेर काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

रात्र तिने तशीच काढली. सकाळी उठून पाहते तो बेर्सीची जागा रिकामी आणि खुंटीवर कुऱ्हाड नाही.

ती अंगावरच्या पांघरुणासह धावली. स्कोर्री घोड्यांपाशी होता. तिने त्याला आणि कुरणातल्या एका मेंढपाळाला हाक मारली, पण थांबली नाही. किनाऱ्यावर नार्फी दगडाला पाठ टेकून उभा होता. बेर्सी त्याच्यापासून हातभर अंतरावर. कुऱ्हाड वर गेली होती. हालबेराने जड लोकरी पांघरूण ओढून काढलं आणि कुऱ्हाडीवर फेकलं. पातं लोकरीत गुंतलं, बेर्सी तोल जाऊन गुडघ्यावर आला. बाईने शस्त्रावर कापड टाकलं की हात थांबवायचा असतो. बेर्सी इतका रागात होता की त्याला ते आठवायला वेळ लागला, पण आठवलं.

"ताई, तू वेडी आहेस का?"

"उल्फारचं काम तू फुकट करतोयस. ऊठ. याला साक्षीला बोलाव."

"कशाला?"

"हद्दीसाठी. मी बाई, माझ्या तोंडचं सभेत चालणार नाही. तुला म्हणावं लागेल."

"आणि हा उल्फारच्या बाजूने बोलला तर? पोरगा तुझा आहे ताई, माझा नाही."

"म्हणूनच मी सांगतेय."

बेर्सीने कुऱ्हाड लोकरीतून सोडवली, जमिनीवर ठेवली आणि दात आवळत शब्द उच्चारले: ब्रेक्काच्या वतीने, हद्दीच्या साक्षीसाठी, वसंताच्या सभेत. अशा बोलावण्याला दोन साक्षी लागतात. हाक ऐकून मेंढपाळ आणि स्कोर्री एव्हाना धावत आले होते. मेंढपाळ एक झाला. दुसरा म्हणून बेर्सीने स्कोर्रीकडे पाहिलं. स्कोर्रीने नार्फीकडे पाहिलं. नार्फी तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिला.

स्कोर्रीचा चेहरा लाल झाला. "ऐकलं मी," तो शेवटी म्हणाला. "कुऱ्हाडही पाहिली. विचारलं तर दोन्ही सांगेन." आणि घोड्यांकडे परत गेला.

बोलावणं माणसाच्या राहत्या घरी, दिवसाउजेडी जाहीर करावं लागतं. नार्फीचं घर अजून होल्टच, म्हणून बेर्सी माळरान ओलांडून तिथे गेला आणि दारात उभा राहून ओरडून आला. आल्यावर म्हणाला, "उल्फार हसला. पण हातातला चमचा खाली ठेवायला विसरला. वेर्मुंड दिसला लांबून. बरा आहे. बारीक झालाय."

हिवाळाभर हालबेराने म्हाताऱ्याला चुलीजवळची जागा दिली, मांसाचा मऊ तुकडा दिला, खोकला झाला तर रात्रीतून उठून गरम दूध दिलं. आलोफ म्हणाली, "बाई, इतकं लोणी चारताय, लग्नाचा विचार आहे की काय?" हालबेरा हसली नाही. त्या डोक्यात पोराचं जगणं नाहीतर मरण होतं, आणि ते डोकं खोकत होतं. त्याच्या ताटातलं आधी ती चाखून बघायची. तो बघायचा, आणि मग जेवायला लागायचा.

बर्फ कडक होऊन घोडे चालू लागले, तसा उल्फार आला. बरोबर माणसं होती, आणि वेर्मुंड होता. त्याचे हात मोकळे होते.

"वहिनी," उल्फार घोड्यावरूनच म्हणाला, "पोरगा आणलाय. घ्या. माझा मेहुणा भांडखोर होता, सगळ्यांना माहीत आहे. सभेत कशाला जायचं? माझी दोन माणसं परत द्या, झालं गेलं विसरू."

हालबेराने मुलाकडे नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती हो म्हणाली असती.

"स्कोर्रीला घेऊन जा," ती म्हणाली. "त्याचं नाव घेतलं होतंत. नार्फीबाबांचं नाव तुम्ही घेतलंच नव्हतं, भावजी. मग त्यांना परत कसं मागता?"

होल्टच्या माणसांपैकी कुणीतरी खोकलं. उल्फारने घोड्याचा लगाम उगाच सारखा केला. "तो माझ्या घरचा माणूस आहे."

"मग तुमच्या घरच्या माणसाचं ऐका. इथेच. दोन्हीकडची माणसं उभी आहेत. हातावर हात मारू, आणि तो सांगेल ते दोघांनी धरून चालू."

"आई," वेर्मुंड म्हणाला, "मी आलोय ना? सोड."

"आज आलास. हे म्हातारबा गेले की उद्या कुणीही उठेल आणि किनारा होल्टचा होता म्हणेल. मग तू कुठे जाशील?"

ती उल्फारकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर तिला ओळखीचं काहीतरी दिसलं: गेला सगळा हिवाळा तिच्या पोटात होतं तेच. या माणसालाही उत्तर ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून त्याने विचारलं नव्हतं. आता त्याची माणसं त्याच्याकडे बघत होती. नाही म्हणणं म्हणजे घाबरलो म्हणणं. तो खाली उतरला आणि बेर्सीच्या हातावर हात मारला.

नार्फीला बाहेर आणलं. त्याने लोखंडी कड्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि बोलायला लागला. आवाज अगदी साधा, हवामान सांगावं तसा.

"पाण्यातल्या काळ्या खडकावरून टेकाडावरच्या ढिगाऱ्याकडे सरळ रेघ. मासा लागला तो रेघेच्या ब्रेक्काकडच्या अंगाला."

वेर्मुंडने डोळे मिटले. नार्फी थांबला नव्हता.

"रेघ ढिगाऱ्यापाशी संपत नाही. तशीच वर जाते, झऱ्याच्या उगमापर्यंत. वरचं कुरण होल्टचं आहे."

वरच्या कुरणातलं गवत ब्रेक्काची माणसं हालबेराच्या लग्नाआधीपासून कापत होती. निम्म्या गाई त्यावर जगत होत्या. मग उल्फार हसला, त्या दिवसातलं पहिलं खरं हसू, आणि म्हणाला, "दिला शब्द."

निघताना उल्फारने आपला चांगला, मऊ चालीचा घोडा नार्फीला दिला आणि स्वतः दुसऱ्यावर बसला. म्हाताऱ्याने आलोफकडून वाटेसाठी थोडं लोणी मागून घेतलं. हालबेराकडे पाहून मान हलवली. माळरानावर दिसेनासा होईपर्यंत ती त्या घोड्याकडे बघत उभी होती. रिकाम्या हाताने मालकाकडे परत जाणं या म्हाताऱ्याला परवडणारं नव्हतं. आणि त्याचा हात रिकामा नव्हता.

उन्हाळ्यात गवत कापायची वेळ आली तेव्हा बेर्सी विळे घेऊन वरच्या कुरणाच्या कडेला थांबला. गवत कमरेपर्यंत आलं होतं.

"ताई, कान पिळला असेल एखाद्या खुणेला," तो म्हणाला. "पण झऱ्यापर्यंत गेला होता कशावरून? आपला जीव वाचवायला म्हाताऱ्याने हे कुरण उल्फारच्या पदरात टाकलं असेल तर? खोटं बोलला असेल तर?"

खाली वेर्मुंड गवताच्या पेंढ्या बांधत होता. त्याचं गाणं वर ऐकू येत होतं.

"असेल," हालबेरा म्हणाली. "मग माशाचंही खोटंच असेल. दोन्ही घे, नाहीतर दोन्ही सोड."

बेर्सीने थोडा वेळ गवताकडे पाहिलं. मग विळे खांद्यावर टाकले आणि खालच्या, पातळ गवताच्या तुकड्याकडे उतरायला लागला.